कमांड-लाइन पर्यायांचा अग्रक्रम

कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालणाऱ्या प्रोग्रॅमला एकाच बाबीची वेगवेगळी मूल्ये निरनिराळ्या ठिकाणांहून मिळाल्यास कोणते ग्राह्य धरायचे, हे ठरवणारा संकेत. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परंपरेत आज्ञेसोबत टाइप केलेला पर्याय सर्वांत वरचढ असतो. त्याखाली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरच्या वातावरणातून मिळणारे नामांकित मूल्य), वापरकर्त्याची कॉन्फिगरेशन फाइल (पसंतीची मूल्ये साठवणारी फाइल), संपूर्ण यंत्रणेची फाइल आणि शेवटी प्रोग्रॅममध्येच लिहिलेले मूल्य, असा क्रम सामान्यतः सांगितला जातो.

हा संकेत कोणा एकाने घालून दिलेला दिसत नाही; त्यातले घटक वेगवेगळ्या काळी आले. आज्ञा फाइलीत साठवून चालवण्याची सोय एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या सीटीएसएस या संगणक-प्रणालीत साधारणपणे 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात होती. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (1979) आले. पॉझिक्स हे युनिक्ससदृश प्रणालींचे मानक आहे; ते पर्याय कसे लिहावेत हे सांगते, मात्र फाइल आणि पर्याय यांच्यातील अग्रक्रमाचा सर्वसाधारण नियम देत नाही.

वरची आणि खालची पायरी बहुतेकांना मान्य आहे. मतभेद आहे तो व्हेरिएबलच्या स्थानाविषयी. प्रोग्रॅमर व लेखक एरिक रेमंड यांनी 2003 मध्ये मांडलेल्या क्रमात यंत्रणेने ठरवलेली व्हेरिएबल वापरकर्त्याच्या फाइलीखाली आणि वापरकर्त्याने ठरवलेली तिच्यावर येतात. ही मांडणी तर्काला धरून असली, तरी व्हेरिएबल नेमके कोणी ठरवले हे चालू प्रोग्रॅमला कळत नाही. त्यामुळे ती काटेकोरपणे पाळणे अवघड जाते. मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली एन्व्हायर्नमेंट आधी, मग फाइली आणि त्यानंतर कमांड लाइन वाचते. नंतर वाचलेले मूल्य आधीच्यावर मात करते, म्हणजे तेथे व्हेरिएबल फाइलीखाली येते. कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट मजकूर लिहिण्यासाठीचा संपादक-प्रोग्रॅम निवडताना आधी गिटचे स्वतःचे व्हेरिएबल पाहते, मग कॉन्फिगरेशन आणि त्यानंतर सर्व प्रोग्रॅमांसाठीची सामायिक व्हेरिएबल. व्हेरिएबल जितके त्या प्रोग्रॅमपुरते, तितके त्याचे वजन जास्त, ही गिटची दृष्टी अधिक समर्पक वाटते.

अंमलबजावणीच्या दोन रीती आढळतात. गिट यंत्रणेची, वापरकर्त्याची आणि रिपॉझिटरीची (त्या प्रकल्पाच्या साठ्याची) फाइल या क्रमाने वाचते व एकमूल्यी बाबीसाठी शेवटचे मूल्य ठेवते. दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या ओपनएसएसएचचा क्लायंट (वापरकर्त्याकडील प्रोग्रॅम) उलट कमांड लाइनपासून सुरुवात करून पहिले मिळालेले मूल्य कायम करतो. बाहेरून परिणाम सारखाच दिसतो, पण एका फाइलीच्या आत नियम उलटतो : एसएसएचच्या फाइलीत विशिष्ट होस्टच्या (संगणकाच्या) नोंदी आधी आणि सर्वांना लागू होणारी नोंद शेवटी लिहावी लागते. काही बाबींत मूल्ये एकमेकांना हटवत नाहीत, त्यांची भर पडत जाते. एसएसएचच्या ओळख-किल्लीच्या फाइली अशाच एकामागून एक वापरून पाहिल्या जातात.

पर्याय वाचणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) न दिलेल्या पर्यायाच्या जागी लगेच मूळ मूल्य, म्हणजे प्रोग्रॅममध्येच लिहिलेले मूल्य, भरत असेल, तर ते टाइप केलेल्या मूल्यापासून वेगळे ओळखता येत नाही आणि फाइलीतील मूल्य विनाकारण दडपले जाते. म्हणून मूळ मूल्ये सर्व स्रोत एकत्र केल्यावरच भरावीत. होय-नाही स्वरूपाच्या पर्यायाला नकारार्थी जोडही (तीच गोष्ट बंद करणारा पर्याय) लागते; ती नसेल, तर फाइलीत चालू केलेली गोष्ट कमांड लाइनवरून बंद करता येत नाही.

अपवादही आहेत. मायएसक्यूएल 8.0 चा सर्व्हर चालू असताना कायम केलेली मूल्ये एका स्वतंत्र फाइलीत जातात. ती फाइल सर्वांत शेवटी वाचली जात असल्याने कमांड लाइनवरही मात करते. एसएसएच सर्व्हरवर प्रशासकाने सक्तीची आज्ञा नेमली असेल, तर क्लायंटकडून आलेली आज्ञा चालवली जात नाही. इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या कर्लमध्ये आज्ञेचा पहिलाच पर्याय -q असल्यास नेहमीची कॉन्फिगरेशन फाइल वाचलीच जात नाही.