फर्शचियान यांच्या चित्राची फ्रेम घरी नेताय? मग हे वाचा

नमस्कार, आमच्याकडून महमूद फर्शचियान यांच्या चित्राची फ्रेम नेलीत त्याबद्दल थँक्यू. काउंटरवर बरेच जण विचारतात की हे कुठल्या बादशहाच्या काळातलं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच द्यावं. हे जुनं मुघल चित्र नाहीये. फर्शचियान आपल्याच काळातले, १९३० साली इराणात इस्फहानला जन्मले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला वयाच्या ९५ व्या वर्षी गेले, दफन मात्र इस्फहानलाच झालं.

वडील गालिच्यांच्या धंद्यात, त्यामुळे वेलबुट्टी बघतच मोठे झाले. हाजी मिर्झा आगा इमामी यांच्याकडे शिकायला गेले तर गुरूंनी एक हरीण काढायला दिलं, आणि हा मुलगा दुसऱ्या दिवशी तेच हरीण लहानमोठ्या मापांत ढीगभर काढून हजर! मग इस्फहानची कलाशाळा, मग काही वर्षं युरोपात तिकडच्या मोठ्या चित्रकारांचं काम बघणं, परत येऊन तेहरानला सरकारी कला खातं आणि युनिव्हर्सिटीत शिकवणं. १९८० च्या दशकात अमेरिकेला गेले ते तिकडेच राहिले, पण विषय शेवटपर्यंत इराणीच. तेहरानच्या सादाबाद राजवाड्याच्या आवारात २००१ पासून त्यांचं म्युझियम आहे, आणि मशहदला शियांचे आठवे इमाम रझा यांच्या कबरीभोवती जी सोन्याचांदीची जाळी आहे तिचं डिझाइनही त्यांचंच.

जुनं इराणी लघुचित्र बहुतेकदा पोथीत असायचं, शेजारी कविता आणि तिची गोष्ट सांगायला चित्र. (आपल्याकडेही तसंच, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या हुसेन निजामशहावरची सचित्र फारसी पोथी आहे.) फर्शचियान यांनी चित्र पोथीतून बाहेर काढून मोठं केलं, एकटं उभं केलं. तुमच्या फ्रेममध्ये बघा, एक रेषा केसातून निघते, ओढणीत जाते, तिथून ढगात नाहीतर पक्ष्याच्या पंखात, कुठे संपते ते पटकन सापडतच नाही. हे बघायला अगदी जवळ जावं लागतं, वीतभर अंतरावर, लांबून नुसतं रंगीत दिसतं.

ज्यांनी ‘आशुराची संध्याकाळ’ नेलंय त्यांच्यासाठी खास. १९७६ चं चित्र. आशुरा म्हणजे मोहरमचा दहावा दिवस, पैगंबरांचे नातू इमाम हुसेन करबलाच्या लढाईत मारले गेले तो. आशुराच्या दिवशी आई म्हणाली जा, करबलाची कथा ऐकून ये, हे खोलीत गेले आणि ब्रश घेऊन बसले. घोडा एकटाच तंबूपाशी परत आलाय, बायका त्याला बिलगून रडतायत आणि हुसेन चित्रात नाहीतच. कुणी काही सांगितलं नाही तरी घोड्याची खाली गेलेली मान बघून कळतं की स्वार परत येणार नाही. आम्हाला स्वतःला यातलं हेच चित्र सगळ्यात जास्त आवडतं.

आता फ्रेमबद्दल. आमच्याकडची ही छापील प्रत आहे, ओरिजिनल नाही, ओरिजिनल आहे असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतात. बाथरूमला लागून असलेली ओलीची भिंतही नको. काच पुसताना स्प्रे कपड्यावर मारा, काचेवर नाही, नाहीतर पाणी कडेनं आत उतरतं आणि माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला, डाग पडतो. पावसाळ्यात आतून वाफ धरलेली दिसली तर घरी उघडू नका, तशीच घेऊन या, आम्ही मागचा कागद काढून सुकवून परत सील करून देऊ.