आययूचा ‘स्टेडियम शो’ नक्की कुठला?

दक्षिण कोरियाची पॉप गायिका आययू. तिच्याबद्दल ‘आययू स्टेडियमवर गायली’ असं लिहायचं आणि खाली फोटो सोलच्या केएसपीओ डोमचा लावायचा. हे इतक्यांदा पाहिलंय की आता चीडही येत नाही, नुसता हात कपाळाला जातो. अरीना म्हणजे छपराखालची बंदिस्त जागा, स्टेडियम म्हणजे उघडं मैदान; डोम हे अरीना. पण चुकणाऱ्यांना तरी काय बोलायचं? वरळीच्या एनएससीआय डोमचं नाव ‘सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम’. छपराखालची जागाही आपल्याकडे स्टेडियमच!

सोलमध्ये तर नावंच घात करतात. केएसपीओ डोम म्हणजे 1988च्या ऑलिम्पिकचा जिम्नॅस्टिक्सचा हॉल. कोरियन चाहते त्याला अजून ‘चेजो’, म्हणजे जिम्नॅस्टिक्सच म्हणतात. तो ऑलिम्पिक पार्कात. ऑलिम्पिक स्टेडियम मात्र त्या पार्कात नाही, ते जामसिलच्या क्रीडासंकुलात. तिसरं सांगआमचं वर्ल्ड कप स्टेडियम, 2002च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेलं. (‘संगम’ नव्हे, सांगआम. हात जोडून विनंती.) आययू तिन्हीकडे गायली: सप्टेंबर 2022मध्ये जामसिलला, मार्च 2024मध्ये चार रात्री डोममध्ये आणि 21-22 सप्टेंबर 2024ला सांगआमला. एकटीच्या बळावर तिथे कार्यक्रम करणारी पहिली कोरियन गायिका हा मान जामसिलचा आणि सांगआमचा. डोमचा नाही.

गर्दीच्या आकड्यात फार अडकू नका. डोममध्ये साधारण 15,000 माणसं मावतात, सांगआमला एका रात्री 50,000च्या आसपास होती. पण मार्च 2022मध्ये बीटीएस हा कोरियन बँड जामसिलला गायला तेव्हा कोविडच्या नियमांमुळे रात्रीला 15,000च माणसं आत होती, ओरडायलाही बंदी, नुसत्या टाळ्या. तरी तो स्टेडियम शोच होता. आवाजाचा फरकही ऐकून सोडून द्या: शंभर मीटरवर आवाज पोचायला जवळजवळ 0.3 सेकंद लागतो, म्हणून मैदानात मध्ये मध्ये खांबांवर स्पीकर लावून त्यांना मुद्दाम उशिरा वाजवतात. तंत्रज्ञ ते सांभाळतात, आपल्याला त्याचा ताप नाही.

खरी गोम जमिनीत आहे. डोमच्या फरशीवर हवं ते करता येतं. मार्च 2024मध्ये आययूचा रंगमंच बरोबर मधोमध होता, चारी बाजूंनी लोक. स्टेडियमची जमीन मात्र दुसऱ्याची असते, आणि ती जिवंत असते. गायिका तिथे पाहुणी, घरमालक फुटबॉल. गवतावर आच्छादन घालायचं, त्यावर हजारो खुर्च्या, वर क्रेन आणि लोखंड, आणि सगळं उचलेपर्यंत खालच्या गवताला ना धड ऊन ना वारा. थंडावा मागणारं हे गवत सोलच्या उन्हाळ्यात आधीच माना टाकतं.

म्हणूनच सांगआमवरून रण पेटलं. 5 सप्टेंबर 2024ला तिथेच दक्षिण कोरियाचा पॅलेस्टाईनशी फुटबॉल सामना गोलशून्य सुटला आणि कर्णधार सन हुंग-मिनने मैदानाबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. लगेच आययूचा कार्यक्रम रद्द करा अशी मागणी सुरू झाली. अहो, तारखा तरी बघा! सामना 5ला, कार्यक्रम 21ला. जे गवत तिच्या पायाखाली आलंच नव्हतं ते तिने कसं खराब केलं? कार्यक्रम झाला, पण ऑक्टोबरचा इराकविरुद्धचा सामना योंगिन शहरात हलवावा लागला, आणि सोल महापालिकेने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून सांगआमला मैदानावरच्या खुर्च्यांची तिकिटं विकायची नाहीत. डोमच्या बाबतीत असा वाद तुम्ही कधी ऐकणार नाही. तिथे वाळायला काही नसतंच.

छप्पर नसल्याने शेजारीही गोत्यात येतात. सांगआमच्या वेळी आसपासच्या इमारतींतल्या रहिवाशांना आययूकडून आवाजाच्या त्रासाबद्दल माफीची चिठ्ठी आणि कचऱ्याच्या पिशव्या गेल्या. कोरियात या ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात, त्यामुळे भेट फुलांपेक्षा कामाची. मला तर कार्यक्रमापेक्षा हीच गोष्ट जास्त लक्षात राहिलीय.

एवढं असूनही माझं मत विचाराल तर स्टेडियमच. जामसिलच्या कार्यक्रमाचं नावच ‘द गोल्डन अवर: अंडर द ऑरेंज सन’ होतं, आणि सुरुवात संध्याकाळच्या उघड्या आकाशाखाली. डोममध्ये सूर्य आणणार कुठून? दिवे लावून होत नाही ते.

जामसिल 2023मध्ये डागडुजीसाठी बंद झालं, सांगआमवर ही बंधनं, म्हणून 2025मध्ये बडे कोरियन पॉप कलाकार सोलशेजारच्या गोयांग शहरातल्या स्टेडियमकडे निघाले: जी-ड्रॅगन, जे-होप, ब्लॅकपिंक. जी-ड्रॅगनची पहिली रात्र 29 मार्चची. हाडं गोठवणारी थंडी, त्यात वारा इतका सुटला की सुरक्षेसाठी कार्यक्रम तासाहून जास्त उशिरा सुरू झाला, आणि लोक तोवर खुर्च्यांवर कुडकुडत बसले होते.