प्लेअर नाजूक झालेत म्हणून दुखापती वाढल्या? नाही हो!

मालवण-वेंगुर्ल्याकडे ओहोटीला पुळणीवर फुटबॉल रंगला की कडेला बसलेलं कोणीतरी म्हणणारच, "आमच्या टायमाक असला काय नव्हता, आताची पोरां नाजूक." टीव्हीवर युरोपातला कोणी मांडी धरून खाली बसला की तर हमखास. वर्षानुवर्षं चाललंय हे, आणि साफ चूक आहे.

प्रो खेळाडूंना सगळ्यात जास्त होते ती हॅमस्ट्रिंगची दुखापत, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. बहुतेक वेळा कोणाची लाथ लागून नाही, फुल स्पीडने पळताना होते, पाय पुढे फेकलेला असतो आणि जमिनीला टेकायच्या जरा आधी तो स्नायू ताणलाही जातो आणि त्याच वेळी पायाला ब्रेकही लावतो, तिथेच फाटतो. युएफाच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेच्या, क्लबांवरच्या अभ्यासात एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ ला १२ टक्के होता, २०२१-२२ ला २४! खेळ फास्ट झालाय, त्यात तीन-चार दिवसांनी परत मॅच, मध्ये प्रवास, स्नायू सावरायला वेळ कुठाय? आणि एकदा फाटलेला परत फाटायची भीती जास्तच, घाईने उतरवलं की झालंच.

नाजूकपणाचा यात काही संबंध नाही. उपाय आहे, नॉर्डिक म्हणतात त्याला: गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कोणीतरी घोटे घट्ट दाबायचे, आणि कंबर न वाकवता हळूहळू पुढे झुकायचं. नियमित केलं तर या दुखापती जवळपास निम्म्या होतात. गावच्या टीमनेही करा, फक्त सुरुवातीला थोडेच करा, मांड्या जाम दुखतात.