क्लचचं काम निघालंय? गाडी सोडण्याआधी हे वाचा

‘क्लच प्लेट टाकायला किती होतील?’ हा फोन आम्हाला रोज येतो. एक आकडा सांगता येतो, पण बिलात तो तसाच राहत नाही, आणि मग काउंटरवर वाद होतो. म्हणून हे माहितीपत्रक. क्लच म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, किंवा रिव्हर्स टाकताना कर्र वाजतंय, असं काही झाल्याशिवाय या कामाला कुणी येत नाही. प्रश्न एवढाच उरतो की क्लचसोबत आणखी काय बदलायचं आणि काय राहू द्यायचं.

आधी मजुरीचं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत क्लचपर्यंत पोचायचं तर बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, स्टार्टर, गिअरच्या केबल, दोन्ही एक्सल आणि माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी आधार) सोडवून गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवणं-चढवणं धरून चार ते सहा तास, आणि खालची सबफ्रेम सोडावी लागणारी गाडी असेल तर अख्खा दिवस. आत एक वस्तू बदला नाहीतर पाच, ही मजुरी तेवढीच लागते. त्यामुळे आमचा नियम असा: गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय जी वस्तू हाताला लागत नाही, तिचा निर्णय त्याच दिवशी घ्यायचा. जी बाहेरून बदलता येते, ती चांगली असेल तर राहू द्यायची.

दुपारचा फोन

काम अडतं ते इथे. गाडी सकाळी दहाला लिफ्टवर जाते. साडेबारा-एकला गिअरबॉक्स खाली येतो, आणि फ्लायव्हील (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची जड तबकडी), क्रँकचं सील (इंजिनाचं तेल अडवणारं कडं) आणि फोर्क (क्लच सोडवणारा आतला दांडा) तेव्हाच पहिल्यांदा दिसतात. त्याआधी ते आम्हालाही दिसत नाहीत. आम्ही फोटो पाठवून फोन करतो. उत्तर येतं, ‘मीटिंगमध्ये आहे’, ‘भावाला विचारून सांगतो’, नाहीतर फोन उचललाच जात नाही. चार वाजता ‘बरं, फेस मारून घ्या’ (म्हणजे फ्लायव्हील लेथवर सपाट करून घ्या) असं ठरतं. तोवर उद्यमनगरात लेथवर आधीची कामं लागलेली असतात आणि फ्लायव्हील दुसऱ्या दिवशी अकराला हातात येतं. एक्सल काढलेली, इंजिन आधारावर टेकवलेली गाडी लिफ्टवरून ढकलून बाजूलाही लावता येत नाही. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागतात ते बहुतेक वेळा या तीन तासांमुळे.

म्हणून गाडी घेतानाच आम्ही विचारतो: फ्लायव्हील खराब निघालं तर फेस मारायचा की नवं टाकायचं? क्रँक सील ओलं असेल तर बदलायचं ना? गाडीला पैसे लागणार हे आधीच ठरवून टाकावं यासाठी हे प्रश्न नसतात. तसं काही निघालं नाही तर त्याचे पैसे लागत नाहीत. आमच्या अंदाजपत्रकात म्हणूनच दोन रकाने असतात, ‘नक्की’ आणि ‘निघाल्यास’. दुसऱ्या रकान्यावर सही केलीत की दुपारच्या फोनची वाट बघावी लागत नाही.

आणि आरसी सोबत आणा. एकाच मॉडेलमध्ये सालाप्रमाणे आणि इंजिनाप्रमाणे प्लेटचा व्यास आणि मधल्या खाचांची (स्प्लाइनची) संख्या बदलते. १९० मिलिमीटरच्या जागी २०० ची पेटी आली की अर्धा दिवस गेलाच. चेसिस नंबरावरून पार्ट आदल्या दिवशीच मागवता येतो.

नुसती प्लेट का नाही

प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंग हा एक सेट आहे, आणि आम्ही तो सेटच टाकतो. ‘प्रेशर प्लेट चांगली दिसतेय की’ असं म्हणणाऱ्यांनी जुनी प्रेशर प्लेट हातात घेऊन बघावी. मधल्या स्प्रिंगची बोटं जिथे बेअरिंगला टेकतात तिथे चकचकीत खड्डा पडलेला असतो, आणि बऱ्याचदा दोन-तीन बोटं बाकीच्यांपेक्षा खाली गेलेली असतात. अशी प्रेशर प्लेट सगळीकडून एकसारखी उचलत नाही. क्लच सोडून हलताना गाडी थरथरते आणि पहिला गिअर अडतो. शिवाय जुन्या पृष्ठभागावर चरे असतात. त्यावर सपाट नवी प्लेट बसवली की ती फक्त उंचवट्यांवर टेकते, तिथेच तापते आणि लवकर जळते.

जुनी प्लेट संपली की नाही ते तिच्या रिव्हेटवरून कळतं. रिव्हेटचं डोकं अस्तराच्या पृष्ठभागापासून साधारण अर्धा मिलिमीटर खोल उरलं की प्लेट झाली. त्यापुढे चालवली तर रिव्हेट फ्लायव्हीलवर गोल चरा पाडतात, आणि प्लेटचा खर्च फ्लायव्हीलपर्यंत जातो. ‘अजून महिनाभर ओढू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे.

रिलीज बेअरिंग सेटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि जुनी ठेवण्याचा सगळ्यात जास्त आग्रह तिच्याबद्दलच होतो. ते सीलबंद असतं, आतलं ग्रीस परत भरता येत नाही. काही ठिकाणी ते डिझेलमध्ये धुऊन परत बसवतात. आतलं ग्रीस त्यातच निघून जातं आणि काही महिन्यांत घरघर सुरू होते. तेव्हा पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा तीच मजुरी. घरच्या घरी ओळखायचं असेल तर गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा. पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. उलट पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर तो बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो, आणि नव्या क्लचने तो जाणार नाही. हे गाडी सोडतानाच सांगा.

बोलेरो, सुमो अशा उभ्या इंजिनाच्या, मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत क्रँकच्या टोकाला इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंगही असतं. ते आम्ही न विचारता बदलतो. पुढच्या चाकांच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते नसतंच. तुमच्या हॅचबॅकच्या बिलात दिसलं तर जरूर विचारा, आमच्या बिलातसुद्धा.

फ्लायव्हील

फोटोत निळे-जांभळे डाग दिसले तर समजा की तिथे लोखंड तापून कडक झालंय. गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या चढाला हाफ क्लचवर थांबलेल्या, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. हलके डाग पॉलिश पेपरने जातात. डाग खोल असतील, नखाला लागतील असे चरे असतील, किंवा डायल गेजवर फ्लायव्हीलची डगडग मर्यादेबाहेर असेल (बऱ्याच छोट्या गाड्यांत ही मर्यादा ०.२ मिलिमीटर असते) तर फेस मारायचा. बारीक रेषांसारखे तडे नखाला लागायला लागले की मात्र नवंच टाकायचं. तडा गेलेल्या फ्लायव्हीलला आम्ही फेस मारून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. हजारो फेऱ्यांनी फिरणारी ती जड तबकडी आहे.

बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन तबकड्या आणि मध्ये स्प्रिंगा. ते साधारणपणे लेथवर न्यायचं नसतं. ते हाताने फिरवून आणि डोलवून बघतात. खेळ कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, आत खडखडत असेल किंवा ग्रीस बाहेर आलं असेल तर बदलावं लागतं. किंमत पाच आकडी, हे खरं. म्हणूनच ‘निघाल्यास’ रकान्यात ते आधी लिहिलेलं बरं. इंजिन बंद करताना खालून खडखडाट येत असेल तर ही शक्यता मनात धरूनच या.

फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. अशा गाडीत फ्लायव्हील काढलं की बिलात नवे बोल्ट येणारच.

तेल कुठून येतंय

प्लेटवर तेलाचा थेंब लागला की नवी प्लेटही घसरते किंवा थरथरते. तेल येण्याच्या जागा तीन: क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, आणि काही गाड्यांत बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या तोंडाच्या) आत बसणारा, ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा गोल स्लेव्ह सिलिंडर.

क्रँक सील ओलं असेल तर प्रश्नच नाही, काही शे रुपयांचं काम आहे. सुकं असेल आणि गाडी ऐंशी हजार ते लाख किलोमीटरच्या पुढे गेली असेल तर आम्ही बदलायला सुचवतो. त्यापेक्षा कमी चाललेल्या गाडीत सुकं सील उगाच काढू नये असं आमचं मत आहे. वाकडं बसलेलं नवं सील जुन्यापेक्षा जास्त गळतं. इनपुट शाफ्टचं सील काही गाड्यांत उतरवलेला गिअरबॉक्स न उघडता बदलता येतं, काहींत गिअरबॉक्स उघडावा लागतो. तिथे सुकं असेल तर आम्ही हात लावत नाही.

आतला स्लेव्ह सिलिंडर मात्र प्रत्येक वेळी बदला, गळत नसला तरी. तो गळला की ब्रेक ऑइल थेट क्लचवर जातं आणि गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो. बाहेर लावलेला स्लेव्ह सिलिंडर, पेडलजवळचा वरचा मास्टर सिलिंडर आणि जुन्या गाड्यांतली क्लच केबल यांची घाई नाही. केबल जड झाली असेल तर तेवढी बदला, अर्ध्या तासाचं काम आहे. हायड्रॉलिक क्लच असेल तर त्यात डॉट ३ ऑइल लागतं की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. काळं पडलेलं ऑइल आम्ही काढून टाकतो आणि एअर काढून देतो.

एक्सल बाहेर येतात तेव्हा गिअर ऑइल सांडतंच. बऱ्याच छोट्या गाड्यांत ते दोन ते अडीच लिटर असतं. ते नवं भरायचं, आणि पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. जीएल-४ सांगितलं असताना ‘भारीतलं’ म्हणून जीएल-५ भरलं तर गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना ते मानवत नाही. एक्सलची दोन्ही ऑइल सील आम्ही सोबतच बदलतो, कारण एक्सल ओढताना जुन्या सीलची कड दुखावते. काही गाड्यांत डावं-उजवं सील वेगळं असतं. अदलाबदल झाली की आठवड्यात खाली डाग पडतो.

माउंटिंग सोडावंच लागतं, तेव्हा रबर फाटलंय का ते दिसतं. क्लच सोडून गाडी हलताना बसणारा झटका बऱ्याचदा फाटलेल्या माउंटिंगचा असतो आणि बोल क्लचला लागतो. क्लच फोर्कचे बुश ढिले असतील तर तेही याच वेळी. बाकी बूट, होज बघून सांगतो; ते पुढच्या सर्व्हिसला केले तरी चालतात.

गॅरंटीबद्दल

पूर्ण सेट आमच्याकडून घेतला तर मजुरीवर सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. पार्ट तुम्ही आणलात तर बसवून देतो, पण मजुरीची गॅरंटी देत नाही. बाजारात कंपनीच्या पेटीत नकली प्लेटही मिळते, आणि ती जळली की मजुरी कुणी भरायची हा वाद आम्हाला नको आहे. जुने सगळे पार्ट पिशवीत घालून परत देतो. फोटोत दिसलेलं फ्लायव्हील हेच का, ते ताडून बघा.

नवा क्लच पहिले चारशे-पाचशे किलोमीटर जरा जपून: चढाला हँडब्रेक वापरा, पेडलवर पाय ठेवून गाडी चालवू नका, सामान भरून घाट चढायचं थोडे दिवस टाळा. सुरुवातीला थोडा वास आला तर घाबरू नका. वास आठवड्यानंतरही आला तर लगेच दाखवा.

मागच्या पानावर ‘निघाल्यास’चे चार चौकोन आहेत: फ्लायव्हील फेस, फ्लायव्हील नवं, क्रँक सील, माउंटिंग. खूण करून, सही करून चावीसोबत द्या. चौकोन रिकामे ठेवायचे असतील तर त्या दिवशी बारा ते दोन फोन जवळ ठेवा.