भाकरी, भात आणि रेशन : बेळगाव सीमाभागातील आहार-आरोग्याची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबी, जांबोटी आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून दीड-दोनशे किलोमीटरवर असलेल्या अथणी तालुक्यात तो पाच-सहाशे मिलिमीटरवर येऊन थांबतो. या फरकामुळे एकाच जिल्ह्यात दोन वेगळी ताटे तयार झाली. पश्चिमेला भात, नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि घाट चढून आलेली सुकी मासळी. पूर्वेला ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. ताटांमधली ही सीमा मराठी आणि कन्नड यांच्यामधून जात नाही. खानापूरचे मराठी घर आणि तेथलेच कन्नड घर जवळपास सारखेच जेवते, पण खानापूरचे मराठी घर आणि अथणीचे मराठी घर यांच्या जेवणात मोठे अंतर असते. या भागातील आहार आणि आरोग्य यांचा इतिहास पाहताना हे आधी ध्यानात घ्यावे लागते, कारण येथल्या लोकांच्या शरीरावर आणि मनावर जे परिणाम झाले ते पावसाने, धान्याने, मजुरीने आणि पुढे सरकारी धोरणाने घडवले.

1876 ते 1878 चा दुष्काळ हा या इतिहासाचा पहिला नोंदलेला मोठा टप्पा होय. मुंबई इलाख्यातील सोलापूर, कलादगी (आजचा विजयपूर-बागलकोट भाग), धारवाड आणि बेळगाव हे जिल्हे त्यात होरपळले. 1877 च्या आरंभी, व्हाइसरॉयने दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम धान्य आणि वर थोडी रोकड एवढे पुरे असल्याचे ठरवले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या दराविरुद्ध कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली, आणि मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी वैद्यकीय दृष्टीने सांगितले की डाळ आणि भाजीपाल्याशिवाय एवढ्या धान्यावर कष्टकरी माणूस टिकणार नाही. मद्रास सरकारला पुढे तो शिधा वाढवावा लागला.

एक पौंड धान्यातून साधारण 1,600 कॅलरी मिळतात. सुमारे सात दशकांनंतर, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा येथे अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिलेला आहारही याच्याच जवळपास होता. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ते खिन्न, चिडखोर आणि एकलकोंडे झाले, त्यांच्या मनात अन्नाशिवाय दुसरा विषय राहिला नाही, आणि पुन्हा पोटभर जेवू लागल्यानंतरही कित्येकांचे मन लगेच पूर्वपदावर आले नाही. त्यांना खडी फोडायची नव्हती, उन्हात बांध घालायचे नव्हते आणि डोळ्यांदेखत मुले गमवायची नव्हती. दुष्काळी कामांच्या सरकारी कागदांत मजुरांचे 'आळशी' आणि 'हट्टी' असे वर्णन येते, तेव्हा मला या प्रयोगाची नोंद आठवते. उपाशी माणसाच्या मनाची अवस्था स्वभावदोष म्हणून लिहिली गेली, असे मला वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पडलेल्या उपासमारीचा अभ्यास करणाऱ्यांना तर असे आढळले की त्या उपासमारीच्या ऐन काळात गर्भधारणा झालेल्या मुलांमध्ये मोठेपणी स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. म्हणजे दुष्काळाचा परिणाम तो भोगणाऱ्या पिढीपाशी संपत नाही. आपल्या भागातील 1877-78 च्या मुलांची अशी नोंद कोणी ठेवली नाही.

पोषणशास्त्र भारतात रुजले ते 1918 मध्ये तमिळनाडूतील कुन्नूर येथे, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या एका खोलीतल्या प्रयोगशाळेत. तिचाच विस्तार पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून झाला. मॅककॅरिसन यांनी 1920 च्या दशकात उंदरांच्या सात गटांना भारतातील सात समाजांचे आहार दिले आणि त्यांची वाढ मोजली. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. त्यानंतर पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि सर्वांत शेवटी मद्रासी असा क्रम लागला. सीमाभागातील वाचकाची नजर मराठा आणि कानडी या दोन नावांवर थबकणे साहजिक आहे. पण क्रम ठरवणारी गोष्ट होती ती धान्याचा कोंडा शाबूत आहे की नाही, दूध-ताक किती आहे, डाळ आणि ताजी भाजी आहे की नाही. पॉलिशच्या तांदळावर भर असलेले ताट तळाला गेले. ज्वारीची भाकरी, डाळ आणि ताक घेणारा सौंदत्तीचा कन्नड शेतकरी या मोजमापात 'कानडी' गटात बसला नसता, आणि पातळ आमटी-भातावर दिवस काढणारा मराठी मजूर 'मराठा' गटात बसला नसता. प्रयोग महत्त्वाचा होता, गटांना दिलेली नावे मात्र दिशाभूल करणारी होती.

ज्वारीच्या पट्ट्याचा स्वतःचा एक रोग आहे आणि शरीर व मन यांचा संबंध त्याच्याइतका स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसत नाही. तो म्हणजे पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, विशेषतः मानेभोवती आणि हातांवर, काळसर खरबरीत चट्टे उठतात, जुलाब लागतात, आणि मग झोप उडते, माणूस उदास होतो, गोंधळतो, शेवटी भ्रमिष्टासारखा वागू लागतो. युरोपात तो अठराव्या शतकात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत नोंदला गेला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी मनोरुग्णालये अशा रुग्णांनी भरली होती. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1915 च्या सुमारास दाखवून दिले की हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे, आणि 1937 मध्ये कॉनराड एल्वेजेम यांनी ती उणीव नायसिनची, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाची, असल्याचे शोधले.

दख्खनमध्ये मका मुख्य अन्न नव्हता, तरीही हा रोग दिसे. हैदराबादच्या संस्थेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये असा सिद्धान्त मांडला की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने शरीरात ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून नायसिन तयार होण्यात अडथळा येतो. या सिद्धान्ताला पुढच्या काही प्रयोगांनी दुजोरा दिला, काहींनी दिला नाही. पण रोग कोणाला होतो याबद्दल शंका नव्हती. केवळ भाकरी आणि मीठ-मिरची यांवर हंगाम काढणाऱ्या शेतमजुरांना तो होई. मेंदूत मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनिन हेही ट्रिप्टोफॅनपासूनच बनते, त्यामुळे या रोगात आधी उदासी आणि निद्रानाश का येतात याचे एक कारण येथे सापडते. या सगळ्या प्रदेशाला मनोविकारांसाठी 1845 पासून धारवाडच्या इस्पितळाचाच आधार होता. तेथे नेलेल्या किती जणांना औषधाबरोबर मूठभर डाळ-शेंगदाण्यांचीही गरज होती, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नसता, कारण नायसिनचे नावच माहीत नव्हते.

ज्वारी दोषी आहे असा याचा अर्थ लावू नये. येथील जुन्या स्वयंपाकात तिची उणीव भरून काढणारे जोडीदार होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 12 मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असते, आणि शेंगदाण्याच्या चटणीशिवाय पूर्वेकडच्या तालुक्यांतले जेवण पुरे होत नाही. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, ताक यांतून प्रथिने मिळत. नाचणी किंवा ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून केलेल्या आंबिलीत धान्यातील फायटेट कमी होतात, त्यामुळे लोह आणि जस्त अधिक शोषले जाते, आणि आंबण्याच्या क्रियेत काही ब-जीवनसत्त्वेही वाढतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे भाविक आंबील, भाकरी, घुगऱ्या आणि वांग्याची भाजी करतात; हा नैवेद्य पोषणाच्या दृष्टीने कितीतरी आधुनिक ताटांपेक्षा सरस आहे. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पॉलिशच्या तांदळात 10 मिलिग्रॅमच्या आसपास. गरिबीत मात्र आधी जोडीदार जातात आणि भाकरी तेवढी उरते.

स्वातंत्र्यानंतर हे ताट झपाट्याने बदलले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मात्र त्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. शेजारच्या शिवारांत सारखीच रताळी, सारखेच भात, पण रेशन दोन वेगळ्या राज्यांचे अशी स्थिती आली. 1970 च्या दशकात घटप्रभेवरील हिडकल आणि मलप्रभेवरील नविलुतीर्थ धरणांचे पाणी शेतात पोहोचले, आणि जेथे ज्वारी, हुलगा, तीळ, करडई एकत्र पिकत तेथे ऊस उभा राहिला. उसाने पैसा आणला, घरे बांधली, मुले शिकवली. हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण शेतातून कडधान्य गेले की ते स्वयंपाकघरात विकत आणावे लागते, आणि विकत आणताना आधी डाळीचेच माप कमी होते. 2013 मध्ये कर्नाटकात गरिबांना रेशनवर नाममात्र दरात तांदूळ देणारी अन्नभाग्य योजना आली, तिच्यामुळे भुकेची भीती मोठ्या प्रमाणात गेली, आणि त्याच वेळी भाकरीच्या पट्ट्यातही दोन वेळचा भात रुळला.

याची दुसरी बाजू मधुमेहाच्या आकड्यांत दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य अधिक आढळते आणि नैराश्य असलेल्यांमध्ये मधुमेह अधिक आढळतो, हेही आता अनेक देशांत दिसून आले आहे. बैठे काम, गोड चहाचे दिवसभराचे कप आणि कोंडा काढलेले धान्य हे आता निपाणी-चिकोडीच्या गावांतही आहे, केवळ शहरात नाही.

निपाणीचा उल्लेख आला की तेथील विडी वळणाऱ्या स्त्रियांचा विचार करावाच लागतो. तंबाखूच्या धुळीत बसून हजार विड्यांची हजारी पूर्ण करायची, मधली भूक चहाने आणि मिश्रीने मारायची, असा दिवस कित्येकींनी वर्षानुवर्षे काढला. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोहाचे शोषण कमी करतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील 15 ते 49 वयोगटातील 47.8 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता म्हणजे फक्त फिकट डोळे आणि धाप नव्हे. लक्ष न लागणे, चिडचिड, कशातच रस न वाटणे हीही तिचीच लक्षणे आहेत. घरात त्यांना 'हिचे मन थाऱ्यावर नाही' असे म्हटले जाते आणि रक्त तपासले जात नाही, याचे वाईट वाटते.

दुसरी छुपी उणीव ब-12 जीवनसत्त्वाची आहे. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते, आणि या भागात लिंगायत, जैन, ब्राह्मण आणि माळकरी वारकरी अशा शाकाहारी कुटुंबांची संख्या मोठी आहे. ब-12 कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा आणि उदासी वाढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून सहा गावांतील मातांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या मातांमध्ये गरोदरपणी ब-12 कमी आणि फोलेट (ब-9 जीवनसत्त्व) जास्त होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध अधिक दिसला. मधुमेहाची पायाभरणी पोटातच होते, हा विचार या कामामुळे आपल्याकडे रुजला.

बेळगावने स्वतःही या ज्ञानात भर घातली आहे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी काँगो, ग्वाटेमाला आणि पाकिस्तानातील केंद्रांसोबत एका मोठ्या चाचणीत भाग घेतला. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून स्त्रियांना सूक्ष्म पोषकयुक्त पूरक आहार दिला, तर जन्माच्या वेळी बाळाची लांबी वाढते का, हे तिच्यात पाहिले गेले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ती वाढली. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीच्या अखेरीस पूरक आहार सुरू केल्यावरही फायदा दिसला. म्हणजे गरोदर राहिल्यावर अंगणवाडीत नाव घालण्याची जी पद्धत आहे ती उपयोगाची आहेच, पण शक्य तर तिच्याही आधी मुलीच्या ताटाकडे पाहायला हवे.

आहाराने नैराश्य उतरते का, याची थेट चाचणी अलीकडची आहे. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, नैराश्याच्या 67 रुग्णांपैकी (बहुतेकांचे नेहमीचे उपचार चालू होते) एका गटाचा आहार डाळी, भाज्या, मासे आणि अखंड धान्याकडे वळवला. बारा आठवड्यांनी त्या गटात सुमारे 32 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर केवळ सोबत-गप्पा मिळालेल्या गटात 8 टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावरून गोळ्या बंद करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. त्या ताटाची घडण मात्र नाचणी, कडधान्य, पालेभाजी आणि मासळीच्या आपल्या जुन्या ताटापासून दूर नाही.

सध्याचा प्रश्न ज्ञान घरापर्यंत पोहोचण्याचा आहे. रेशनवर लोह, फोलिक आम्ल आणि ब-12 मिसळलेला तांदूळ येऊ लागला, तेव्हा अनेक ठिकाणी वेगळे दिसणारे दाणे प्लॅस्टिकचे समजून निवडून फेकले गेले. माहितीपत्रक घरच्या भाषेत असते तर हे टळले असते, असे मी मराठी आणि कन्नड दोन्ही घरांबद्दल म्हणतो. बाळंतिणीला समजेल त्या भाषेत लोहाच्या गोळीची सूचना मिळणे हा राजकारणाचा विषय होऊ नये. शाळेच्या अक्षर दासोह भोजनात अंडे देण्यास कर्नाटकाने डिसेंबर 2021 मध्ये कल्याण कर्नाटकातील (राज्याच्या ईशान्य भागातील) जिल्ह्यांत आणि विजयपुरात सुरुवात केली. काही मठांनी विरोध केला, पुढे ही योजना राज्यभर गेली. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की ठेवली गेली. चिक्कीतून प्रथिने आणि नायसिन मिळते, केळ्यातून ऊर्जा मिळते, पण ब-12 या दोन्हींत नाही. त्या मुलांपर्यंत ते जीवनसत्त्व पोहोचवणारा शाळेतला एक मार्ग म्हणजे 2013 पासून क्षीरभाग्य योजनेत मिळणारे दूध. म्हणून अंड्यावरचा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी, हे दूध आपल्या गावच्या शाळेत ठरल्या दिवशी आणि ठरल्या मापाने मिळते की नाही, हे आधी पाहावे.