घोडा पिशवीला का बुजतो

2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा, पण जरा खोडकर प्रयोग केला. काही माणसांना सांगितलं, घोड्यावर बसून किंवा त्याला दोराने धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारा. चौथ्या फेरीआधी हळूच कानावर घातलं, की या वेळी वाटेत उभा असलेला माणूस घोडा जवळ आला की छत्री उघडणार आहे. फेरी झाली, छत्री काही उघडली नाही. माणसांच्या हृदयाचे ठोके मात्र वाढले होते. आणि ज्यांना छत्रीचा पत्ताच नव्हता, त्या घोड्यांचेही.

घोड्यांना हे कळलं कसं? याचं निम्मं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं होतं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा, म्हणजे उत्तराइतक्या वेळा टाप आपटायचा. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सलाही ते येत नसे. योग्य आकडा गाठला, की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स तिथे थांबायचा. ही गोष्ट सांगताना लोक हसतात, ते मला पटत नाही. समोरच्याचं अंग इतकं बारकाईने वाचणं बेरजेपेक्षा सोपं थोडंच आहे?

तेव्हा बुजऱ्या घोड्याजवळ जाताना आपले खांदे आवळलेले असतील, श्वास रोखलेला असेल आणि मुठीत दोर गच्च धरलेला असेल, तर तोंडाने कितीही गोड बोला, घोडा त्या मुठीचंच ऐकतो.

मुळात बुजणं ही त्याची खोड नाही, त्याचा बांधाच तसा आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास 350 अंशांतलं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच: कपाळापुढची थोडी आणि शेपटीमागची. म्हणून न सांगता मागून जाणाऱ्याला लाथ बसते. बाजूची हालचाल तो चटकन टिपतो, पण ती कसली आहे हे तितकं स्पष्ट दिसत नाही. उजेडातून अंधारात शिरल्यावर त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे अंधाऱ्या दारात तो अडून बसला तर त्याला हट्टी म्हणण्याआधी जरा थांबावं. आपल्याला 20,000 हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, घोड्याला 33,000 पर्यंत येतं. स्वस्थ उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण 28 ते 44 वेळा धडधडतं, भरधाव पळताना हाच आकडा 200 च्या वर जातो. उघड्या माळावर गवत हललं, तर आधी पळायचं आणि मग वळून बघायचं, असं करणारे वाचले. विनाकारण पळण्यात चार पावलांची दमछाक होते, पण कारण असताना न पळणाऱ्याचा वंश पुढे चालत नाही.

मराठीत घोडा तयार करणाऱ्याला 'चाबूकस्वार' म्हणतात. नावातच चाबूक! पण इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातच ग्रीक सेनानी झेनोफन याने बजावलं होतं, की बुजलेल्या घोड्याला मारू नका. ज्या वस्तूला तो भ्यायला, तिच्यामुळेच हे दुखलं असं त्याला वाटतं. आजचं अध्ययनाचं शास्त्र हेच सांगतं. पिशवी दिसली आणि पाठीवर फटका बसला, या दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या, की घोड्याच्या डोक्यात त्यांची गाठ पक्की बसते.

पिशवीचंच बोलायचं तर तिची भीती घोड्याच्या मनातून काढायची कशी, यावर डेन्मार्कमध्ये 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या घोड्यांचे तीन गट केले आणि पांढरी नायलॉनची पिशवी हलवून दाखवली. एका गटापुढे ती थेट पूर्ण जोराने हलवली, सवय होईपर्यंत. दुसऱ्या गटात पिशवीची सांगड खाण्याशी घातली. तिसऱ्या गटात पायऱ्या पाडल्या: सौम्यापासून सुरुवात, आणि घोडा त्यात शांत झाला की मगच पुढची पायरी. पळापळ सगळ्यात कमी झाली ती तिसऱ्या गटात, वेळही कमी लागला. शिवाय त्यातले सगळे घोडे अखेर पिशवीला सरावले, बाकीच्या दोन गटांतल्या काहींना ते जमलं नाही. सावकाशीचा रस्ता इथे जवळचा निघाला.

पण पायऱ्या पाडूनही एक चूक सहज होते, ती वेळेची. पिशवी हलतेय, घोडा मागे सरकतो, आपल्याला दया येते आणि आपण पिशवी खाली करतो. घोड्याने काय शिकलं? मागे सरकलं, की पिशवी जाते. उद्या तो आणखी जोरात सरकेल. म्हणून पिशवी थांबवायची ती घोड्याने पाय रोवले, मान खाली सोडली, मोठा श्वास टाकला, त्याच क्षणी. आणि तो सारखाच मागे सरकत असेल, तर आपण घाई केली, एक पायरी खाली उतरायचं. दोराच्या ताणाचंही तसंच: घोड्याने पाऊल उचललं, की ताण लगेच सुटला पाहिजे. ताण दोन-तीन सेकंद उशिरा सुटला, तर तेवढ्यात घोडा दुसरंच काही करून बसलेला असतो आणि शाबासकी त्याला मिळते.

दुसरी फसगत याहून वाईट. घोड्याला बांधून ठेवून त्याच्यावर भीतीचा मारा केला, तर काही वेळाने तो हलायचा थांबतो. बघणारे म्हणतात, 'बघा, शांत झाला.' पण कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड घट्ट मिटलेलं, अंग लाकडासारखं असेल, तर तो शांत झालेला नाही, त्याने सुटकेची आशा सोडली आहे. असा घोडा एखाद्या दिवशी 'काहीही कारण नसताना' उधळतो.

भीती घटवण्याचा एक जुना उपाय घोडे एकमेकांवरच करतात. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान आणि आयाळ संपते तिथला उंचवटा दातांनी खाजवतात. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामार्ग जातीच्या घोड्यांना माणसांनी नेमकं तिथेच खाजवलं, तर हृदयाचे ठोके कमी झाले; ज्या जागी घोडे एकमेकांना खाजवत नाहीत, तिथे खाजवून तसा फरक पडला नाही. मानेवर धपाधप थोपटण्यापेक्षा त्या उंचवट्यावर बोटांनी सावकाश खाजवलेलं बरं. खरारा करतानाही हात तिथे जरा रेंगाळू द्यावा.

एवढं सगळं करून घोडा पिशवीपाशी निवांत उभा राहू लागला, तरी परतीच्या वाटेवर त्याच वस्तूला तो पुन्हा बुजू शकतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घोड्यांना मुलांच्या खेळण्याच्या एका मोठ्या प्लास्टिकच्या घसरगुंडीची सवय करून दिली आणि मग ती नुसती 90 अंशांत फिरवली. घोडे नवीनच वस्तू पाहिल्यासारखे वागले. तेव्हा येताना सरावलेल्या वळणावर जाताना घोडा थबकला, तर दोर सैल सोडा आणि ती वस्तू या बाजूनेही त्याला बघू द्या.