स्तनवर्धनानंतरची वर्षे: ट्रान्स स्त्रियांची नोंद कोणी ठेवली?

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या शल्यचिकित्सकांनी सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट (स्तनात बसवायची जेलने भरलेली पिशवी) बसवले. त्याआधी, आणि नंतरही, द्रवरूप सिलिकॉन थेट सुईने टोचले जाई. ते शरीरात सरकते, त्याच्या गाठी होतात आणि रक्तवाहिनीत शिरले तर जीव जातो. नेवाडा राज्याने १९७५ मध्ये त्यावर बंदी घातली. तरीही ज्यांना रुग्णालयाचे दार बंद होते, अशा ट्रान्स स्त्रियांपर्यंत (जन्मावेळी पुरुष म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रियांपर्यंत) ही सुई चोरून पोहोचत राहिली. दूरगामी परिणामांबद्दल बोलताना या स्त्रियांना वगळणे मला मान्य नाही. त्यांच्या यातना कुठल्याही तक्त्यात धड उतरलेल्या नाहीत.

सुरक्षिततेचे पुरावे अपुरे म्हणून १९९२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध आणले आणि २००६ मध्ये, पुढे अनेक वर्षे अभ्यास करण्याच्या अटीवर, ते उठवले. पण हे अभ्यास मुख्यतः सिसजेंडर, म्हणजे ट्रान्स नसलेल्या, स्त्रियांवरचे. ट्रान्स स्त्रियांची छाती बहुधा रुंद आणि त्वचा ताणलेली असते, शिवाय स्तनांची वाढ बाहेरून घेतलेल्या हार्मोन्सवर अवलंबून. त्यांना मात्र इतरांचेच आकडे लावले गेले.

चिकाटीने नोंदी ठेवल्या त्या अॅमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयातील जेंडर क्लिनिकने, म्हणजे ट्रान्स व्यक्तींवर उपचार करणाऱ्या विभागाने. हार्मोन्सच्या पहिल्या वर्षात स्तनांची वाढ बेताचीच होते, हे त्यांनी २०१८ मध्ये दाखवले. इतक्या जणी शस्त्रक्रियेकडे का वळतात, ते यातून कळते. २०१९ मध्ये त्यांनी २२६० ट्रान्स स्त्रियांचा लेखाजोखा मांडला: स्तनांचा आक्रमक कर्करोग १५ जणींना. म्हणजे पुरुषांपेक्षा धोका बराच जास्त, सिस स्त्रियांपेक्षा कमी. त्याच वर्षी, खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडल्या गेलेल्या एका दुर्मीळ लिम्फोमामुळे (रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगामुळे) अॅलर्गन कंपनीला आपली बायोसेल इम्प्लांट्स जगभरातून परत घ्यावी लागली. हा लिम्फोमा ट्रान्स स्त्रियांमध्येही आढळला आहे.

इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. शरीराने त्याच्याभोवती तयार केलेले आवरण आकसते, इम्प्लांटचे कवच फाटते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. आपल्याकडच्या २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने शस्त्रक्रिया, हार्मोन्स आणि विम्याची जबाबदारी सरकारवर टाकली. दहा-पंधरा वर्षांनंतरच्या या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्चही त्यात धरायला हवा. तोवर इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड प्रत्येकीने डॉक्टरांकडून मागून घ्यावे.